मतावरून थोरल्या भावाशी अबोला, आणि ६ एप्रिलला प्रभुभोजन

इंदिरानगरकर यांचा प्रश्न

सर्वांना सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी बावन्न वर्षांची, प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर नाशिकरोडचं, घर ख्रिस्ती. वडील प्रेसमध्ये होते, दादाही प्रेसमध्येच लागला आणि गेल्याच वर्षी निवृत्त झाला. (बाहेरच्या वाचकांसाठी: नोटा आणि स्टॅम्प छापतात त्या कारखान्यांना नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हणतात.) दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. माझ्या डी.एड.ची फी त्याने ओव्हरटाइमच्या पैशांतून भरली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तो वाईट वाटेल आणि तो वाईट नाही.

२०२४ मध्ये आपल्याकडे दोनदा मतदान झालं, २० मेला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा दादाचं मत एका बाजूला गेलं, माझं दुसऱ्या. पक्षांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की उत्तरं पक्षांबद्दल येतील, आणि माझा प्रश्न राहून जाईल.

दादाचं कारण मला पाठ आहे. वडिलांना आम्ही जुलैत पुरलं. खड्ड्यात पाणी साचलं होतं, ते बादलीने उपसून मग पेटी खाली सोडली. दादा ते कधी विसरला नाही. दफनभूमीला भिंत हवी, आत चिखल होऊ नये म्हणून काहीतरी करा, असा अर्ज घेऊन तो आठ वर्षं फिरला. ज्यांनी शेवटी भिंत बांधून दिली आणि पेव्हर ब्लॉक टाकून दिले, ती माणसं त्या बाजूची. तो म्हणतो, "मत म्हणजे विश्वासाची कबुली नाही. आपण इथे मूठभर. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याशी बोलणं ठेवलं नाही तर आपल्याला विचारतो कोण?"

माझं कारण वेगळं आहे. सहा वर्षं झाली, मी चर्चच्या महिला मंडळाबरोबर सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर जाते. दोन-चार कुटुंबं एका घरात जमतात, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, चहा पिऊन आम्ही परत येतो. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर काही माणसं दारात आली आणि हे बंद करा, निघा, म्हणाली. अंगाला हात कोणी लावला नाही. पण ज्या बाईच्या घरी आम्ही बसलो होतो, तिला पुढे महिनाभर गावात कोणी मजुरीला बोलावलं नाही. मतदानाच्या यंत्रासमोर उभी राहिले की मला ती दिसते. धर्मांतराच्या कायद्याची चर्चा निघाली की मला तिचा ओटा दिसतो. मग पेव्हर ब्लॉकचं मला काही वाटेनासं होतं.

आता झालं काय ते. नाताळाला आम्ही सगळे जेलरोडला दादाकडेच होतो. मटण, करंज्या, पोरांचा दंगा. तोंडातोंडी काही झालं नाही. झालं ते दोन दिवसांनी, मोबाइलवर. आमचा कुटुंबाचा ग्रुप आहे, तेवीस माणसं, मूळचा आईच्या तब्येतीसाठी काढलेला. दादाने माझ्या बाजूच्या उमेदवाराबद्दल एक मजकूर टाकला. मी उत्तरादाखल एका प्रार्थनासभेवर हल्ला होतानाचा व्हिडिओ टाकला आणि लिहिलं, "हे तुझे लोक." त्याने लिहिलं, "हा आपल्याकडचा नाही, तपासून टाकत जा." तेव्हा मी लिहिलं, "तुला तीस रुपये मिळाले का?"

इथे ख्रिस्ती वाचक आहेत, तीस रुपये म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको. (इतरांसाठी: यहूदा या शिष्याने येशूला धरून देण्यासाठी घेतले ते पैसे.)

दादा ग्रुपमधून निघून गेला. तीन महिने झाले. आई त्याच्याकडे असते, दर रविवारी संध्याकाळी तिच्या खोलीत आम्ही भावंडं प्रार्थनेला बसायचो, तिथे मी जात नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो डावीकडे पंख्याखाली बसतो, मी उजवीकडे. जानेवारीत प्रभुभोजनाच्या वेळी (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात ते) वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले आणि पाहिलं तर दोन माणसं सोडून तो. माझे हात पुढे होईनात. उठून जागेवर आले. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तर उठलेच नाही.

आणखी एक. तो व्हिडिओ खरोखरच जुना होता, दुसऱ्या राज्यातला. जानेवारीत शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाने मला शोधून दाखवलं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मला विचारायचंय ते असं. ज्या मतामुळे माझ्या माणसांना इजा पोचते असं मला मनापासून वाटतं, त्या मताचा आदर करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? "राजकारण सोड गं" असं मंडळातल्या बायका सांगतात. ते मला नको आहे. ती सुरगाण्याची बाई राजकारण सोडू शकत नाही. आणि दुसरं, ६ एप्रिलला प्रभुभोजन आहे. मी जावं का?

---

देवळालीवाला

ताई, प्रभूच्या बारा शिष्यांमध्ये मत्तय जकातदार होता, म्हणजे रोमी सत्तेसाठी वसुली करणारा. आणि शिमोन जिलोत होता, म्हणजे त्या सत्तेविरुद्ध पेटून उठलेल्यांपैकी. दोघं एका पंक्तीला जेवले. तुम्ही दोघं तर एका आईची लेकरं.

साधा उपाय सांगतो. कुटुंबाच्या ग्रुपवर राजकारण बंद, असा नियम करा. आमच्याकडे केला, शांतता आहे.

---

शरणपूररोड

पोरी, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझे यजमान पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, मी पाळकीणबाई म्हणून चार गावच्या मंडळ्या पाहिल्या. सावकाश टाइप करते, तर लांबलं तरी वाच.

आधी देवळालीच्या भाऊंना. मत्तय आणि शिमोन यांचं उदाहरण आम्हीही खूप वेळा दिलं. पण शुभवर्तमानात त्या दोघांमधलं एक वाक्यसुद्धा लिहिलेलं नाही, भांडणाचंही नाही आणि समेटाचंही. शिमोन कुठल्या गटाचा होता की नुसता आवेशी माणूस होता, यावर विद्वानांचंही एकमत नाही. म्हणून या ताईच्या ओझ्याएवढं वजन मी त्या उदाहरणावर टाकणार नाही. नियमाचंही तेच. ग्रुप शांत होईल, पण हिचे हात कठड्याशी पुढे होत नाहीत ते नियमाने होणार आहेत का?

आता तुझ्याकडे येते. मत्तय ५:२३ आणि २४ पुन्हा काढून वाच, पण हळू. तू वेदीजवळ आपलं दान आणत असताना तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि जा. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे, असं तिथे नाही. तू तीन महिने हिशोब मांडते आहेस की त्याच्या मताने कोणाला काय इजा झाली. तो हिशोब खरा असेल, मी नाही म्हणत नाही. पण वेदीपाशी तुला विचारलं जातंय ते वेगळंच: तुझ्याकडून त्याला काय झालं? त्याला झालं ते मताने नाही झालं. तेवीस माणसांसमोर तू त्याला यहूदा म्हणालीस, त्याने झालं.

आणि त्याच ओळीत पुढे आहे की मग *येऊन* आपलं दान अर्पण कर. दान टाकून घरी बस, असं सांगितलेलं नाही. तू तीन महिने पहिलं अर्धंच करते आहेस, तेही न जाता. प्रभुभोजनापासून लांब राहणं म्हणजे पश्चात्ताप, असं आपल्या बायकांना फार वाटतं. मी मंडळ्यांमध्ये अशा बायका पाहिल्या की ज्या वीस-वीस वर्षं लांब राहिल्या आणि ज्याच्यासाठी राहिल्या त्याला पत्तासुद्धा नव्हता.

व्हिडिओचं मला जास्त लागलं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांपैकी आपल्या प्रोटेस्टंट मोजणीत नववी, कॅथलिक लोकांच्या मोजणीत आठवी. ती नुसतं खोटं बोलू नको असं सांगत नाही. *साक्ष* हा शब्द कचेरीतला आहे. आपल्या साक्षीवर दुसऱ्याचा निवाडा होतो. "हे तुझे लोक" म्हणून तू जे पुढे केलंस ती साक्ष होती. त्या वेळी तुला ठाऊक नव्हतं, कबूल. जानेवारीपासून ठाऊक आहे.

माझ्या घरचं सांगते. १९७७ ची निवडणूक. आणीबाणी अजून उठलेली नव्हती. माझे वडील रेल्वेत होते, ते म्हणायचे, गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत माणसं जागेवर सापडतात, आणखी काय हवं? माझे यजमान म्हणायचे, माणसं खटल्याशिवाय तुरुंगात आहेत आणि तुम्ही गाड्यांचं काय सांगता? वडील सुटीला आमच्याकडे आले की मी भाकरी थापताना दोघांचा आवाज ऐकायची. उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असते, १ तीमथ्य २ प्रमाणे. एका रविवारी यजमानांनी ती गाळली. चुकून नाही, त्यांच्या तोंडून निघेना. वडील बाकावर बसले होते. घरी येऊन त्यांनी जावयाला एवढंच सांगितलं: "ज्यांच्यासाठी तुम्हाला प्रार्थना करवत नाही, त्यांच्याविषयी वेदीवरून बोलू नका." यजमान रात्रभर जागे होते. पुढच्या रविवारी त्यांनी प्रार्थना केली, नाव घेऊन केली. मत बदललं नाही, मतदानही ठरवलं होतं तिथेच केलं. मार्चमध्ये सरकार बदललं, तेव्हा वडिलांवर तीच वेळ आली. नव्या माणसांसाठी आमेन म्हणताना त्यांचा आवाज बसला होता. पण म्हणाले.

आदर म्हणजे काय, असं तू विचारलंस. मला त्या दोघांकडून जे समजलं ते हे की मताला चूक म्हणता येतं, तोंडावर म्हणता येतं. माणसाचा विश्वास मात्र त्याच्या मतावरून तोलता येत नाही. रोमकरांस १४ मध्ये पौल विचारतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण. दादा चाकर कोणाचा आहे? तुझा नाही.

आपल्यात मतभेद ही काही आजची गोष्ट नाही. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली, तिला आपल्या समाजाकडून दोघे होते. डॉ. एस. के. दत्त आणि तंजावरकडचे ए. टी. पन्नीरसेल्वम. पन्नीरसेल्वम यांचं म्हणणं, ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, म्हणजे आपले प्रतिनिधी फक्त आपणच निवडायचे, नाहीतर आपलं कोणी ऐकणार नाही. दत्त यांचा त्याला विरोध. वेगळे मतदारसंघ घेतले की आपण आपल्याच देशबांधवांपासून वेगळे पडू. एक भीती ओळखून बोलत होता, एक भरवसा ठेवून. दोघे ख्रिस्तीच. तुझ्या दादाचं "आपण मूठभर" आणि तुझी सुरगाण्याची बाई, हे तेच जुनं दुखणं आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळकांना विसरू नकोस, त्या आपल्या नाशिकच्याच मातीतल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या नवऱ्यापासून लांब राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. पुढे आपला धर्म न सोडता त्यांच्याकडे नांदायला गेल्या, सोवळंओवळं सांभाळत. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. एका छपराखाली दोन धर्म राहिले ती वर्षं. तुमच्या घरात दोन मतंच आहेत.

शनिवारी जा. मतावर बोलू नकोस. तीस रुपयांवर बोल.

---

निफाडची सून

ताई, मी कॅथलिक, पण हे आमच्याही घरचं आहे म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांनी हयातभर एकाच बाजूला मत दिलं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. तेव्हा शेतात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत भरून भावाची वाट बघता येते, लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. ट्रॅक्टर लासलगावला नेला आणि जो भाव मिळाला त्यात मजुरीसुद्धा निघाली नाही. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. मे महिन्यात बंदी उठली तेव्हा लाल कांदा कधीच संपला होता. २० मेला त्यांनी पहिल्यांदा दुसरीकडे बटण दाबलं.

त्याच महिन्यात माझी सख्खी नणंद, सिडकोत राहते, नवरा अंबडला कंपनीत, ती म्हणाली की बंदी घातली ते बरं केलं, कांदा घ्यायला परवडत नव्हता. ती सासऱ्यांची लाडकी लेक. तिला भाकरीबरोबर कांदा लागतो, तिच्या बापाला तोच कांदा विकायचा असतो. आता यातलं ख्रिस्ती मत कुठलं?

मला वाटतं आपण आधी मत बनवतो ते चाळीवरून, पगारावरून, वडिलांच्या खड्ड्यातल्या पाण्यावरून. बायबलमधलं वचन नंतर शोधतो. तुमच्या दादांचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे हे किती चांगलं आहे. तुमचा पाडा त्यांना ठाऊक आहे का? त्यांना कधी नेलंय का तिकडे?

---

सिन्नर_९५

ताई, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन. पाळकीणबाईंचं सगळं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तरी मला एक बोलायचंय, रागावू नका.

कांद्याचा भाव आणि एका बाईला तिच्याच घरात प्रार्थना करू द्यायची की नाही, या दोन गोष्टी एका तराजूत टाकू नका. कांद्यावर दोन प्रामाणिक माणसांची दोन मतं असतात. दुसरी गोष्ट मताची नाही, ती त्या बाईच्या पोटाची आहे. आणि "आदर करा" हे नेहमी ज्याला मार बसला त्यालाच सांगतात.

पाळकीणबाईंनी १९३१ सांगितलं, मी पुढचं सांगतो. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचेही ते अध्यक्ष. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या कायदेमंडळातल्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरलं, त्यात आपल्या पुढाऱ्यांनी आनंदाने साथ दिली. भरवसा ठेवला. आणि १० ऑगस्ट १९५० ला, सवलती कोणाला मिळणार ते ठरवणारा अनुसूचित जातींचा आदेश निघाला, त्यात हिंदू सोडून इतर धर्माच्या दलितांना जागा नव्हती. १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ एका वाड्यात वाढले. आजोबांनी दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं, धाकट्यांनी लिहिलं नाही. त्यांची मुलं शिष्यवृत्तीवर शिकून नोकरीला लागली. माझे वडील गवंडीकाम करतात. गावातल्या लोकांनी मात्र दोघांच्याही घरचं पाणी सारखंच टाळलं.

हे सगळं मनात घेऊन मी मत देतो. आमोस म्हणाला होता न्याय पाण्यासारखा वाहू दे, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोद राजाला तो चुकतोय असं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा गप्प बसणं म्हणजे आदर असेल तर मला तो नको.

दादांना यहूदा म्हणालात ते चुकलंच. माफी मागा. पण त्या बाईचं नाव माफीच्या भरात खाली ठेवू नका, एवढीच विनंती.

---

शरणपूररोड

सिन्नरच्या बाळा, रागावते कशाला. तुझं पहिलं वाक्य मी माझ्या उत्तरात लिहायला हवं होतं, राहून गेलं. सगळी मतं सारखी नसतात. ज्याने दुसऱ्याची भाकरी तुटते त्याला मत म्हणून सोडून देता येत नाही, आणि या ताईने ते सोडावं असं मी म्हटलेलं नाही.

एवढंच विचारते. तिच्या दादाने त्या बाईची मजुरी तोडली का? ज्यांनी तोडली त्यांना मत दिलं म्हणशील, तर ते त्याला समोर बसवून विचारायला हवं, आणि विचारायचं असेल तर आधी तो समोर बसला पाहिजे. यहूदा म्हटलेला माणूस समोर बसत नाही. तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने एकमेकांशी बोलणं ठेवलं होतं का, ते मला सांग कधीतरी.

---

सिन्नर_९५

ठेवलं होतं. आजोबांच्या मयतीला पेटीचे पैसे धाकट्यांनीच दिले.

---

इंदिरानगरकर

सगळ्यांची उत्तरं मी दोन-दोनदा वाचली. काय झालं ते लिहिते.

मी शनिवारपर्यंत थांबले नाही. गुरुवारी रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं की नाताळानंतर मी टाकलेला व्हिडिओ जुना आणि दुसऱ्या राज्यातला होता, मला जानेवारीतच कळलं होतं, आणि मी गप्प राहिले. कोणी काही उत्तर दिलं नाही. एका भाच्याने हात जोडलेलं चित्र टाकलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर जेलरोडला गेले. दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. वहिनींनी पाणी दिलं. मी उभ्यानेच म्हणाले, "दादा, तीस रुपयांचं बोलले ते मी चुकले. माझं मत तेच आहे, पण ते बोलायला नको होतं."

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणालीस तेवीस माणसांत. माफी मागतेस गॅलरीत."

मला वाटलं होतं तो जवळ घेईल, खरं सांगते. ते झालं नाही. मी तिथेच मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं की मी दादाला जे म्हटलं होतं ते खोटं होतं आणि त्याची मी सर्वांसमोर माफी मागते. तो ग्रुपमध्ये नव्हताच, वहिनींनी त्यांच्या मोबाइलवर त्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाला, "मीही त्या उमेदवाराचं जे टाकलं होतं ते तपासलं नव्हतं." एवढंच.

चहा झाल्यावर मी त्या पाड्यावरच्या बाईचं सांगितलं. सिन्नरच्या दादांनी लिहिलं म्हणून नाही, पण लिहिलं त्याने धीर आला. आजवर मी दादाला तिच्याबद्दल सरळ कधी सांगितलंच नव्हतं, हे मला सांगताना कळलं. मंडळात सांगितलं, तुम्हाला इथे सांगितलं, त्याला मात्र नुसता व्हिडिओ दाखवला. तो विचारत राहिला. दारात आलेली माणसं कुठली, ती मजुरीला कोणाकडे जायची, आता काय करते. शेवटी म्हणाला, "याचा आणि माझ्या मताचा संबंध तू लावतेस तसा मला लागत नाही." मी म्हणाले, मला लागतो. तो म्हणाला, "ठीक आहे." पूर्वी इथे आवाज चढायचा.

आईच्या खोलीत आम्ही बसलो. शनिवार होता, रविवार नव्हता, तरी आई म्हणाली करून घ्या. पाळकीणबाई, तुमचं मी दादाला सांगितलं होतं, वडिलांचं आणि यजमानांचं. त्याने त्याच्या बाजूच्या आमदाराचं नाव मला घ्यायला लावलं. मी घेतलं. जड गेलं, पण खोटं नव्हतं. त्याने माझ्या बाजूचं नाव घेतलं, जो हरला त्याचं. आईला वाटलं कोणीतरी आजारी आहेत, ती मोठ्याने आमेन म्हणाली.

६ तारखेला मी कठड्याशी गेले. दादा नेहमीसारखा पंख्याखालून आला आणि नेमका माझ्या शेजारी गुडघे टेकले असं काही झालं नाही, तो पलीकडच्या टोकाला होता. पण माझे हात पुढे झाले.

दादाचं पुढचं मत तिकडेच जाणार आहे, माझं इकडे. पुढच्या महिन्यात आम्ही सुरगाण्याला जाणार आहोत. निफाडच्या ताई, मी त्याला चल म्हणाले नाही, म्हणायचं धाडस झालं नाही. रविवारी उपासना संपल्यावर चपला घालताना त्यानेच विचारलं, सकाळी किती वाजता निघता म्हणून.